मल्लाप्पाअण्णांची सूज

मल्लाप्पाअण्णा कुणालाही भेटले की नमस्कार करत नसत. उलटा हात समोरच्याच्या कपाळाला लावून थेट निकाल देत, "सूज हाय." पोस्टमन, दूधवाला, कुणी सुटला नाही. मतं मागायला आलेल्या नगरसेवकाला तर म्हणाले, "तुमची जुनी हाय. आता उतरायची न्हाय."

कळंब्याच्या रस्त्यावर आमची दारं समोरासमोर. अण्णा कॉलेजात प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत शिपाई होते. निवृत्त होताना फेकायला काढलेली इंग्रजी मासिकं त्यांनी हातगाडीवर घालून घरी आणली. इंग्रजी येत नव्हतं, पण चित्रांवरून मेंदू पाठ. मी तेव्हा दर आठवड्याला चळवळीचं एक पत्रक काढायचो. अण्णा ते कट्ट्यावर बसून अक्षरन् अक्षर वाचत. बदल्यात मी त्यांना मासिक वाचून अर्थ सांगायचो.

"मेंदूत पैलवान असत्यात," ते मलाच समजावत. "एरवी गल्ली झाडायची, मेलेलं उचलायचं. चोर शिरला की शड्डू ठोकून उठायचं. सूज म्हंजे त्यांचीच गर्दी. पण चोर पळाला तरी गडी घरला जाईनात, तर? घरच्याच माणसास्नी हाणत्यात."

"म्हणजे मोर्चा पांगल्यावरही थांबत नाही ती लाठी!" मी पेटलो.

"पत्रकात घालू नगंस. मेंदूत सरकार न्हाय."

मी घातलंच. मथळा दिला, ‘ही सूज उतरवा!’ दुसऱ्या दिवशी दोन म्हाताऱ्या पाय दाखवायला दारात हजर. अण्णा आठवडाभर हसत होते.

पेशींच्या मरणातही त्यांची आवडनिवड होती. एक पेशी आवरून, गाठोडं बांधून, शेजाऱ्याला त्रास न देता जाते. दुसरी फुटते, आतलं सगळं गल्लीत सांडतं आणि ते बघून पैलवान आणखी चेकाळतात. "मरावं तर पयल्या पेशीगत," अण्णा म्हणत. मग दर वेळी शेवटी एकच, "मेलेली परत येती का, तेवढं हुडीक की."

त्यांच्या बायकोला, गंगाक्कांना, मेंदूज्वर होऊन गेला होता. ताप उतरला, पण त्या बाहेर दिसेनाशा झाल्या, एवढंच गल्लीला ठाऊक.

एका दुपारी मेलेल्या पेशींवरचा तो परिच्छेद मला मासिकात सापडला. कट्ट्यावर अण्णा नव्हते, म्हणून पहिल्यांदाच त्यांच्या घरात शिरलो. अण्णा टोपी घालून, अंग चोरून खुर्चीच्या टोकावर बसले होते. अक्का गूळपाणी घेऊन समोर उभ्या.

"पावणं, लांबनं आलासा?"

"व्हय की."

"मंडळी न्हाई आणली?"

"आणायची हाय," अण्णा म्हणाले. "लई गुणाची हाय."

मला बघून ते उठले आणि उंबऱ्याशी आले. "गावलं?"

पत्रकात खरं तेच छापायचं, हा माझा बाणा. त्या दिवशी तेच खरं मी आवाज उतरवून सांगितलं. "मेलेल्या बहुतेक परत येत नाहीत, अण्णा. उरलेल्या कधी कधी नव्या वाटा जोडतात."

त्यांनी कपाळावरचा घाम टोपीनं पुसला. "म्हंजे नवी वळख हुईल."

आत जाऊन ते पुन्हा तसेच टोकावर बसले. "अक्का, तुमचं माहेर कुठलं म्हणालासा?"

अक्कांचा चेहरा उजळला. "आजरा! दारातच काजूची झाडं..."

चाळीस वर्षं ऐकलेली ती झाडं अण्णा एकेक करून "असं व्हय?" म्हणत ऐकत राहिले.