एफीबाईंचा डाउट

आपल्याला कुणी इंग्रजी शिकवावी, असं हॅरिएटच्या स्वप्नातही आलं नव्हतं. जन्म केंटचा, पदवी इंग्रजीची, आणि लग्नाआधी शाळेत पोरांना तीच भाषा घोटून घोटून शिकवलेली. त्यामुळे कॅलमशी लग्न करून ती स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर, पोर्टलेनी गावात राहायला आली, तेव्हा भाषेची तिला काडीचीही काळजी नव्हती.

सासूबाईंच्या सत्तरीची मेजवानी तिने हौसेने अंगावर घेतली. जागा ठरवली बंदराशेजारची वाळू. पांढरेशुभ्र टेबलक्लॉथ, फुलं, समोर समुद्र.

सासूबाई, म्हणजे एफीबाई, बटाटे सोलत होत्या. सुरी न थांबवता म्हणाल्या, "पोरी, शनिवारी पाऊस येईल, याचा डाउट आहे मला."

जन्म ज्यांचा या किनाऱ्यावर गेला त्यांनाच पावसाचा डाउट आहे, मग कशाला तो पावसासाठी सांगून ठेवलेला तंबू? हॅरिएटने तंबूवाल्याला नको म्हणून कळवलं.

वाळूवर म्हातारा हेक्टर जाळं सांधत बसला होता. "हेक्टरकाका, भरतीचं पाणी इथवर येतं का हो?"

"शनिवारी? येईल, याचा डाउट आहे."

"बरं झालं. मग टेबलं इथेच मांडते."

हेक्टरने तिला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. "मांड बाई, तुला आवडत असेल तर," तो म्हणाला आणि पुन्हा जाळ्यात डोकं घातलं. इंग्लंडच्या बायकांना पाय भिजवायची हौस असते, हे त्याने ऐकलं होतं.

पोस्टातल्या बेस बाईंनी तर आपण होऊनच सांगितलं, "अख्खं गाव लोटेल, याचा डाउट आहे हो." हॅरिएटला जरा वाईट वाटलं. सासूबाईंना इतकीच माणसं? तिने घरच्यांपुरतंच रांधलं.

शनिवारी पाहुणे बसतात न बसतात तोच पाऊस आला. बशीतलं सूप प्यावं तसं संपण्याऐवजी वाढतच चाललं. मागोमाग भरती आली. खुर्च्या डुलू लागल्या, आणि केकचं टेबल नॉर्वेच्या दिशेने निघालं.

हॅरिएट दगडासारखी उभी. एफीबाईंनी मात्र स्कर्ट कमरेला खोचला, छातीभर पाण्यात शिरल्या आणि माशांची पाटी घ्यावी तसा केक डोक्यावर घेऊन शांतपणे बाहेर आल्या. वरची मेणबत्तीसुद्धा वाकडी झाली नव्हती.

तेवढ्यात गाव आलं. खरोखर अख्खं गाव. सगळे गमबूट आणि रेनकोट घालून, हातात झाकलेली पातेली. धुरी दिलेल्या माशाचं सूप, ओटच्या भाकऱ्या, व्हिस्की. हेक्टरने जाळ्यांची शेड आधीच झाडून ठेवली होती. तिथे जे जेवण आणि जे गाणं झालं, ते पांढऱ्या टेबलक्लॉथवर शंभर वर्षांत झालं नसतं. आणि झाल्या प्रकाराबद्दल तिला कुणी चकार शब्द बोललं नाही.

भांडी पुसताना तिने कॅलमला गाठलं आणि कुणाकुणाला कसला डाउट होता ते सगळं सांगितलं. तो हसून हसून खाली बसला.

"अगं, इथे डाउट म्हणजे दाट संशय. होऊ नये असं वाटतं, पण बहुतेक होणारच."

"मग मला कुणी सांगितलं का नाही?"

"सगळ्यांनी सांगितलं की."

तिचे डोळे भरले. एफीबाईंनी कोरडा टॉवेल तिच्या खांद्यावर टाकला. "माझ्या साठीला सगळं नीट झालं होतं, पोरी. सगळे कोरडे होते. त्यातलं मला आज एक अक्षर आठवत नाही."

त्या दिवसापासून हॅरिएट त्या बाईवर फिदा झाली. त्यांच्यासारखं चालू लागली, त्यांच्यासारखं बोलू लागली.

नोव्हेंबरात केंटहून तिच्या आईचा फोन आला. "नाताळला येताय ना गं?"

"चांगले आठवडाभर तुझ्या उरावर येऊन बसू, याचा डाउट आहे आई," हॅरिएट लाडात म्हणाली.

"बरं," आई म्हणाली, आणि फोन ठेवला.

नाताळच्या आदल्या दिवशी दोघं बॅगा घेऊन केंटला पोचली. दाराला कुलूप. शेजारच्या बाई कुंपणावरून डोकावल्या.

"अगंबाई, तुम्ही? तुझी आई तर कालच स्पेनला गेली. म्हणाली, लेक काही यायची नाही, मग इथे एकटी बसून करू काय?"