तारेपायीं हत्तीण पणास लागली त्याची हकीकत

श्री. दोन्ही कानांस नमन, मधल्या पोकळीसही नमन. शके एकोणीसशें शेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सरीं, वैशाखमासीं, एके राज्यीं सुभानरावराजे यांस उत्तम गाणें ऐकावयाची हौस उत्पन्न जाहली. राजांपाशीं स्टिरिओ होता, कपाटाएवढे दोन स्पीकर होते आणि गाणें ठाकठीक ऐकूं येत होतें, हेंच दुःख जाहलें. मग पारसशेट तारवाले दरबारीं आले आणि मखमली पेटींतून स्पीकरची तार काढोन बोलिले, "महाराज, आपली तार साधी, सबब सूर वाटेंत अडखळतात. या तारेवर बाण काढिला आहे. सूर बाण पाहोन चालतात." राजे कळवळोन म्हणाले, "आजवर बिचारे विचारीत विचारीत येत असतील!" दरबारानें माना डोलाविल्या, माना डोलावण्यास कान लागत नाहींत. मग शेटजींनीं तारेच्या बदल्यांत राणीसाहेबांची लाडकी हत्तीण लाडूबाई मागितली आणि राजांनीं होय म्हटलें.

हें वर्तमान कळतांच गोजराबाई राणीसाहेब तडक दरबारीं आल्या आणि बोलिल्या, "लाडूबाईला मीं बाटलीनं दूध पाजलंय. ती या वायरीपायीं जाणार?"

"वायर नव्हे, तार," राजे म्हणाले. "फरक कळण्यास कान तयार लागतो."

"इकडचे आहेत ना तयार? मग मध्यें पडदा लावितें आणि गाणें दोनदां वाजवितें. शेटजींची तार कोणत्या खेपेस, तें सांगावें. ओळखलीत तर लाडूबाई जाईल. चुकलांत तर इथंच राहील."

राजांनीं मिशीवर हात ठेवोन शब्द दिला. मग पडदा लागला आणि गाणें वाजलें. राजे म्हणाले, "छे, पत्र्यावर वाटाणे पडताहेत." मग तेंच गाणें पुन्हां वाजलें आणि राजांचे डोळे पाणावले. "हीच ती! गाणाऱ्या बाईंच्या नथीचा मोती हलला, तोही ऐकूं आला!" शेटजी उठोन बोलिले, "माझीच! पोटच्या पोराचा आवाज बाप विसरेल काय?"

राणीसाहेबांनीं पडदा सारिला. दोन्ही खेपांस एकच तार होती, लग्नमंडपांतील दिव्यांच्या माळेची उरलेली.

"मग माझी तार कोठें?" शेटजी किंचाळले.

सर्वांनीं अंगणांत पाहिलें. लाडूबाई ऊंस खात उभी होती आणि बाणाची तार तिच्या पायास बांधिली होती. बाण उसाकडे होता.

दरबार खाकरला. परंतु शेटजी हार जाणारे नव्हेत, ते म्हणाले, "महाराज, हेंच तर नवल! थोर तार नुसती आवारांत असली, तरी साध्या तारेस वळण लागतें!"

राजांस तें पटलें, हें लिहितांना लेखणी अडते. मग बोलिले, "तर ती जोडावयाचें कारणच नाहीं. हत्तीण शब्दाप्रमाणें राहिली. आपण तार घेऊन आवारांत उभे रहा."

तेव्हांपासून रोज सायंकाळीं शेटजी गळ्यांत तार घालोन लाडूबाईशेजारीं उभे असतात आणि राजे खिडकींतून सांगतात, "शेटजी, जरा डावीकडे. तबला दबतो आहे."

एवंच, हत्तीण सुटली, शेटजी बांधले गेले आणि राजांचे कान होते तेथेंच आहेत. पाहिलें तें लिहिलें. ऐकूं येण्यासारखें कांहीं नव्हतें.