लोरेटाबाईंनी सात कर्जांचा किल्ला मुदतीआधी सर केला, ती हकीगत

डुलूथ शहरी थोरले सरोवर गोठले असता स्कोग्लंड घराण्यात जी मोहीम जाहली, तिची हकीगत पदरचे तिखटमीठ न लाविता लिहिली असे. वाचणाराने चित्त द्यावे.

अखंडितलक्ष्मीअलंकृत लोरेटाबाई, शाळेत अडखळत्या पोरांस बोलते करणाऱ्या, यांनी तरुणपणी विद्येच्या लोभे सात कर्जे शिरी घेतली, आणि सातांशी सात ठायी कोण लढतो म्हणोन त्यांस एका छत्राखाली आणिले, आणि वीस वर्षांच्या खंडणीचा तह जाहला. मग बाईंनी मनसुबा केला की सहा वर्षे आधीच फत्ते करावी, आणि त्यास्तव रविवारची चाकरी पॅनकेकच्या हॉटेलात धरिली, आणि शून्य दिसेतो एप्रन उतरणे नाही ऐसी प्रतिज्ञा केली. यजमान डेलराव आठ हिवाळे रविवारी बर्फावरील झोपडीत, भोकात गळ सोडून, एकटेच बसले. यंदा मार्चच्या सतरा तारखेचा रविवार शेवटला. सोमवारी झोपड्या बर्फावरून उठवाव्या ऐसा सरकारचा हुकूम.

मग आठ तारखेस, शुक्रवारी, बाईंनी पडद्यावर दिसली ती समग्र बाकी, चार हजार एकशे बारा डॉलर, सुलतानढवा करून एका बोटाने रवाना केली, आणि शनिवारी शेजाऱ्यांस बटाट्याच्या गोळ्यांचे हॉटडिश, त्या मुलुखीचे भट्टीत भाजिलेले मेजवानीचे पक्वान्न, वाढिले, आणि डेलरावांनी नौबत म्हणोन ट्रकचा भोंगा वाजविला. सोमवारी पाहतात तो शत्रूचा एक बुरूज उभाच. दोन डॉलर तेरा सेंट.

"अगं, एवढे तर सोफ्याच्या फटीत निघतील," डेलराव म्हणाले.

"निघतील रे. पण शून्य नाहीये ना."

मग बाईंनी कर्जवाल्या कंपनीच्या दरबारी फोन लाविला, आणि पाऊण तास वाजंत्री ऐकिली, मग एक कारकून प्रकट जाहला.

"मॅडम, शुक्रवारी पाठवलंत, आमच्याकडे सोमवारी पोचलं. मधल्या तीन दिवसांचं व्याज."

"म्हणजे मी फेडत होते तेव्हाही तुम्ही मोजतच होतात?"

"रोज एकाहत्तर सेंट. किती तारखेला किती भरायचे, ते आधी विचारून घ्यायचं असतं. सगळेच विसरतात."

"चुकलंच माझं," बाई म्हणाल्या. त्या मुलुखी संतापलेला मनुष्यही आभार मानिल्यावाचून फोन ठेवीत नाही, सबब निरोपासच दहा मिनिटे लागली.

मग मसलत होऊन तीन डॉलरांची जंगी कुमक धाडिली, आणि चार दिवस बाईंस अन्न गोड लागेना. शुक्रवारी पहाटे पडद्यावर शून्य उगवले. तत्क्षणी हॉटेलाची मालकीण वाँडाबाई इजला फर्मान गेले की रविवारी येणे होणार नाही, कधीच होणार नाही.

"बरं झालं गं बाई," वाँडाबाईचे उत्तर आले, "पण ते जास्तीचं सिरप कुठं ठेवतेस, तेवढं सांगून जा."

रविवारी बाईंची खासा स्वारी बर्फावर दाखल जाहली, आणि सायंकाळपर्यंत एकही मासा लागला नाही. "वाईट नाही गेला दिवस," डेलराव म्हणाले. त्या मुलुखी याहून मोठी शाबासकी नाही.

पुढे पंधरा रोजांनी कंपनीचा लखोटा आला, आणि आत सत्त्याऐंशी सेंटांचा चेक निघाला, जास्त आले ते परत. चौदा वर्षे ज्यांनी खंडणी घेतली, त्यांनी येणेप्रमाणे बाईंस खंडणी भरिली. बाईंनी चेक वटविला नाही, चौकटीत घालून भिंतीस लाविला. शत्रू मांडलिक जाहला, हे दप्तरी दाखल असे.