फिल्तासच्या घरचे वाम आजोबा

जुन्या काळच्या मिलेटस या ग्रीक बंदरात राहणारा फिल्तास स्वयंपाकघरात शिरला तेव्हा त्याची बायको मेलिता सुरीला धार लावत होती आणि तिच्या पायाशी तांब्याच्या घंगाळात दंडाएवढा जाड वाम मासा वळवळत होता. खास मेआंद्रोस नदीतला. दुपारी प्रिएने गावचे बित्तोन आपल्या मुलासाठी या दोघांच्या लेकीला, मिर्टोला, मागणी घालायला यायचे होते. एका ठिकाणी आमटी पातळ झाली म्हणून त्यांनी जमलेली सोयरीक मोडली होती. इकडे मिर्टो त्यांच्या मुलाला देवाच्या मिरवणुकीत पाहिल्यापासून धड जेवली नव्हती. तेव्हा आज सगळी मदार त्या माशावर होती.

"मेलिता, सुरी ठेव खाली! ते आजोबा आहेत!"

"कोणाचे?"

"आपले. सगळ्यांचे! आत्ता चौकात ऐकून आलो. ते विद्वान अनॅक्सिमँडर आहेत ना, ते म्हणतात माणूस आधी माशांच्या पोटात वाढला, आणि हातीपायी धड झाल्यावर जमिनीवर आला. म्हणजे मासे आपले वाडवडील!"

मेलिताने घंगाळात डोकावून पाहिलं.

"तुमच्या बाजूचे असतील. तोंड तसंच आहे. मी पोरीचे केस विंचरून येते. तोवर त्याला हात लावलात, तर चुलीवर तुम्हालाच चढवीन."

ती सुरी हातातच घेऊन माडीवर गेली. फिल्तास घंगाळाशी उकिडवा बसला. मासा टक लावून त्याच्याकडे बघत होता. फिल्तासला त्या नजरेत माया दिसली. बोटीतून परत आलेल्या माणसाकडे घरचे बघतात ना, तशी. त्याने घंगाळ फरफटत दाराबाहेर काढलं. पण त्यांना सोडायचं तर नदी लांब आणि आजोबा वजनदार. "इथेच बसा हं, कुठे जाऊ नका," असं अदबीने सांगून तो गाढव शोधायला गेला.

आता, दाराबाहेर पाण्याचं भांडं ठेवलेलं दिसलं की त्या घरात कोणीतरी गेलं, आणि निघताना त्या पाण्यात हात बुडवून सुतक झटकायचं, हे मिलेटसमधल्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं. फिल्तासलाही माहीत होतं. पण त्याच्या डोक्यात तेव्हा माशांखेरीज दुसरं काही नव्हतं.

समोरच्या नान्नोमावशीने ते घंगाळ पाहिलं. सकाळपासून ती मेलिताचा आवाज ऐकत होती आणि आता घर चिडीचूप होतं. "अगं बाई! मारलंन शेवटी नवऱ्याला!" असं म्हणत तिने छाती बडवून असा टाहो फोडला की गल्लीतल्या बायका केस मोकळे सोडूनच घराबाहेर पडल्या.

फिल्तास गाढव घेऊन परतला तर दाराशी ही गर्दी.

"कोण गेलं हो?" त्याने पाठमोऱ्या बाईला विचारलं.

"फिल्तास."

"कोणता फिल्तास?"

"ह्याच घरातला. तो अर्धवट."

"अरेरे," म्हणता म्हणता फिल्तासला भडभडून आलं. त्याने एक हुंदकाही दिला. तेवढ्यात नान्नोमावशी वळली.

"मेल्या, तू जिवंत?"

"हो, मावशी."

"मग माझा घसा काय फुकट बसला?"

या गोंधळात बित्तोन येऊन उभे राहिले होते. त्यांनी रडणाऱ्या बायका पाहिल्या, दाराशी पाणी पाहिलं आणि दोन पावलं मागे सरले. "सुतकाच्या घरात सोयरीक? छे! अपशकुन झाला. पुन्हा काही आमचं येणं व्हायचं नाही." माडीच्या खिडकीत मिर्टोने हंबरडा फोडला. बित्तोनांनी रीतीप्रमाणे निघण्यापूर्वी घंगाळात हात बुडवला.

आणि त्यांनी जी किंकाळी मारली ती बंदरावर ऐकू गेली म्हणतात. त्यांच्या अंगठ्याला वाम लोंबत होता.

"आजोबा, सोडा!" फिल्तास धावला. "व्याही आहेत ते!"

मेलिता सुरी घेऊन जिन्यावरून धडधडत उतरली. "व्हा बाजूला! मुंडकंच उडवते!"

"कोणाचं?" बित्तोनांनी डोळे घट्ट मिटून विचारलं.

फिल्तासने वर खिडकीत पाहिलं. लेकीचं नाक रडून लाल झालं होतं. एका बाजूला आजोबा, दुसऱ्या बाजूला लेक.

"काप गं! मी विचार केला. आपले आजोबा पाण्यातून बाहेर आले, म्हणून तर आपण झालो. हा आतच राहिला. म्हणजे हा आजोबा नव्हे. हा भाऊबंद!"

भाऊबंद म्हटल्याबरोबर गर्दीची सगळी दयामाया आटली. "मग काप, काप!" सगळे एकदम ओरडले.

"थांबा!" बित्तोन म्हणाले. त्यांचा आवाज एकदम मऊ झाला होता. "आजोबा, भाऊबंद... हे काय चाललंय?"

फिल्तासने धापा टाकत सारं सांगितलं. बित्तोन हाताशी लोंबणाऱ्या वामाकडे बघत राहिले.

"ही पकड ओळखीची आहे. माझे वडील अशीच धरायचे. बाजारात धरलेला हात देवळापर्यंत सोडायचे नाहीत. मोठेपणी मीच हिसडा देऊन सोडवला, आणि मग ते जाईपर्यंत घरी फिरकलो नाही." त्यांनी हात पाण्यात टेकवला. "चुकलं माझं, बाबा."

पाणी लागताच वामाने अंगठा सोडला.

"पाहिलंत? माफ केलं!" बित्तोनांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. "ज्या घरच्या वडीलधाऱ्यांसाठी अख्खी गल्ली रडते, तिथलीच मुलगी मला सून हवी. मुलीबरोबर मला काहीच नको. फक्त बाबांना माझ्या हवाली करा."

"अहो, पण ते तर भाऊबं—"

मेलिताने नवऱ्याच्या पायावर पाय दिला. "न्या हो, न्या. तुमचेच ते."

घंगाळ गाढवावर चढलं. बित्तोन उन्हात वडिलांवर सावली धरून चालू लागले. नान्नोमावशीने पुन्हा गळा काढला.

"आता कशाला?" कोणीतरी विचारलं.

"पाठवणी आहे ना!" असं म्हणून तिने वरची पट्टी लावली.

गाढव वळणाआड जाईपर्यंत फिल्तास दारात उभा होता.

"पोरीला नवरा मिळाला, सासरा मिळाला, वर आजेसासराही मिळाला. पण ते चावतात गं."

"चावू देत," मेलिता सुरी पुसत म्हणाली. "निदान बोलत तरी नाहीत."