ह्यांनी पोरीला अजून घेतलं नाही

आमचे हे पन्नास किलोची साखरेची गोणी पाठीवर टाकून रस्त्यावरनं दुकानात येतात, आणि सात किलोची पोटची पोरगी पुढं आली की दोन्ही हात पाठीमागं लपवतात. आठ महिने झाले, एकदा पण घेतलं नाही तिला. मी पुढं केली की कन्नडात सुरू, "बेड, बेड." नको, नको.

जुन्या हुबळीत आमचं किराणा दुकान, मागं घर. मी न्हाणीत असले आणि पोरगी रडली की हे पाळण्यापुढं बसून डब्याचं झाकण वाजवणार, मांजर होणार, कोंबडा होणार, पण उचलायचं नाही. एकदा पाव किलो रवा न्यायला आलेल्या बाईला आत बोलावून हेच म्हणाले, "घे की अक्का जरा हिला." मी केस धुऊन येईपर्यंत बाई तिथंच, घरी तिचं दूध उतू गेलं. शेजारची शांतक्का तर तोंडावर विचारते, "काय रे अण्णा, पोरगी हाय का विस्तव?" हे हसतात. मी पण हसायची.

पण बाळंत झाल्यापासून मला चक्कर येते, उभ्या उभ्या डोळ्यापुढं अंधारी. परवा पोरगी कडेवर असतानाच आली, मी भिंतीला टेकले, म्हणलं, "अहो, धरा हिला, पडते मी." हे चार पावलांवर होते बघा. आले नाहीत. शांतक्कानं पळत येऊन धरली. तेव्हापासून मी घरात भिंत धरूनच चालते. मला काही झालं तर हिला उचलणार कोण?

सासूबाईंजवळ रडले, तेव्हा त्या बोलल्या. हे आठ वर्षांचे असताना सगळे अळणावरला बारशाला चालले होते, टेम्पो पलटी झाला. पाच महिन्यांची बहीण ह्यांच्या मांडीवर होती. हातातनं गेली.

"त्याला कोणी बोललं नाही ग," सासूबाई म्हणाल्या. "पण घरात तिचं नावच कोणी काढलं नाही परत."

काल दुपारी डाळ आणायला गोदामात गेले. हे आत होते. जोंधळ्याची पिशवी पोरीच्या दुपट्यात गुंडाळून खांद्याला लावलेली, मान सांभाळावी तसा हात, थोपटत फेऱ्या मारत होते. मला बघून लाजले.

"वजन करून भरलीय, पोरीएवढीच," म्हणाले. "ही वाढली की घालतो थोडे. एकदा पण पडू दिली नाही."

पोरगी माझ्या कडेवरच होती. म्हणलं, "मग घ्या की. मी पण धरून राहते, सोडत नाही."

पिशवी खाली ठेवली. हात पुढं आले, तिच्या कुशीला लागले, पहिल्यांदा. तिला गुदगुल्या झाल्या, पाय झाडून हसली. ह्यांनी झटकन हात ओढून घेतले.

"जोंधळा हलत नाही ग," म्हणाले.