डी ड्राइव्हमधल्या सासूबाई

अंबडच्या कारखान्यात रोबोटकडून वेल्डिंग करून घेणाऱ्या माणसाला सासऱ्यांचा लॅपटॉप म्हणजे चहा गार व्हायच्या आत संपणारं काम, असं हर्षलचं प्रामाणिक मत होतं.

"नाना, सी ड्राइव्ह पुसतो आणि नवी विंडोज टाकतो. पळायला लागेल बघा."

नाना म्हणजे खंडेराव, एकलहऱ्याच्या वीज केंद्रातून निवृत्त झालेले. ते म्हणाले, "हर्षलराव, सगुणाचा व्हिडिओ आहे हो त्यात. तेवढा सांभाळा."

हर्षलच्या सासूबाई, सगुणाबाई, जाऊन वर्ष होत आलं होतं. फोटो ढीगभर होते, पण बोलत्या सगुणाबाई त्या एकाच व्हिडिओत होत्या.

"तो डीमध्ये आहे. डीला माझा हातसुद्धा लागणार नाही."

पण विंडोज टाकताना पडद्यावर सी आणि डी अशी नावं दिसेनात, नुसते आकडे दिसले. हर्षलने अंदाजाने एका आकड्यावर फॉरमॅट दाबलं. पापणी लवायच्या आत तो कप्पा धुतलेल्या पातेल्यासारखा रिकामा झाला. तो डी होता.

"झालं का?" नानांनी कप पुढे केला.

"अपडेट चालू आहे," हर्षल म्हणाला. "घरी नेऊन करतो."

चहा तसाच ठेवून त्याने लॅपटॉप पिशवीत घातला.

घरी त्याने एवढंच शहाणपण केलं, की त्या डिस्कवर नवीन काही टाकलं नाही. पुसलेलं परत काढणारं सॉफ्टवेअर लावलं आणि समोर बसून राहिला. इकडे नाना रोज फोन करून अपडेटची तब्येत विचारत. एकदा म्हणाले, "वर्षश्राद्धाला वत्सलाबाईंना बोलावलंय. बहिणीचा आवाज ऐकायचाय त्यांना."

आता मात्र बायकोला सांगणं भाग होतं. वैष्णवी ओरडली असती तर बरं झालं असतं. ती फक्त म्हणाली, "आईचा आवाज पुसलास तू?" आणि आत निघून गेली.

फायली परत आल्या, पण नावं गमावून. व्हॉट्सॲपवर आलेले शुभ सकाळचे गुलाब तेवढे हजारोंनी जिवंत झाले. व्हिडिओ उघडावा, तर कुणाचं तरी बारसं, नाहीतर कॅमेऱ्यावर आलेला नानांचा अंगठा. श्राद्धाचा दिवस उजाडला तरी निम्मे व्हिडिओ उघडायचे राहिले होते आणि सासूबाई सापडल्या नव्हत्या.

जेवणं झाल्यावर सगळे टीव्हीसमोर बसले. हर्षलने लॅपटॉप जोडला आणि खाली मान घालून म्हणाला, "नाना, अपडेट वगैरे काही नव्हतं. माझ्याकडून सगळं पुसलं गेलं. जेवढं परत आलं, तेवढं आणलंय."

नानांनी खुर्ची टीव्हीजवळ ओढली. मग म्हणाले, "लावा. एकेक बघू."

बारसं झालं, अंगठा झाला, कुणाच्या तरी ट्रॅक्टरची पूजा झाली. आणि अचानक पडद्यावर सगुणाबाई वांगं भाजताना दिसल्या.

"सगुणाच हाय गं माझी," वत्सलाबाईंनी पदर डोळ्यांना लावला.

"पुरे ते शूटिंग," पडद्यावरच्या सगुणाबाई नानांना म्हणाल्या. "आणि त्या मिक्सरला हर्षलरावांचा हात लागू देऊ नका. गुणी आहेत हो, पण मागं घड्याळ दुरुस्त करून दिलं त्यांनी, तेव्हापासून आपण शेजारी जाऊन वेळ विचारतोय."

सगळ्यांच्या नजरा हर्षलकडे वळल्या. मग नाना हसायला लागले, आणि हसता हसता त्यांना डोळे पुसावे लागले.

"परत लावा, हर्षलराव."

हर्षलने परत लावला.

"आवाज वाढव जरा," वैष्णवी म्हणाली. "मावशीला कमी ऐकू येतं."

त्याने आवाजही वाढवला.