सावकाशची टेस्ट ड्राइव्ह

"माझ्या गाडीत बसून आजवर एकाने तरी कुरकुर केली असेल तर दाखवा!" सावकाश हे छातीठोकपणे सांगायचा आणि ते खोटंही नव्हतं. कारण तो चालवायचा शववाहिका! सव्वीस वर्षं, ताशी वीसच्या वेगाने. कधी गचका नाही की कधी करकचून ब्रेक नाही. त्याचं खरं नाव पगाराच्या कागदापुरतं उरलं होतं, घरीदारी सगळे त्याला सावकाशच म्हणायचे.

त्याच्या थोरल्या भावाचं, म्हणजे दादाचं काम तर त्याहून वरताण. दादा रस्त्याकडेच्या पाट्या रंगवायचा. त्यातही निम्म्या वेळा एकच मजकूर, 'वाहने सावकाश हाका'! बत्तीस वर्षं त्याने जगाला हळू जा म्हणून सांगितलं आणि स्वतः सायकलवरून फिरला. मग एके दिवशी तपासणीचे कागद आले. डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि म्हणाले, "दोन महिने."

घरी येताना बसमध्ये दादा खिडकीबाहेर बघत होता. मग एकदम म्हणाला, "सावकाश, तुझ्या गाडीतून तर मी जाणारच आहे रे, आडवा. त्याच्या आधी एकदा बसून जायचंय. जोरात! वाऱ्याने डोळ्यांत पाणी येईल असं!"

"हात्तिच्या! एवढंच ना? नेतो की!" तो म्हणाला. नेमकं त्याच आठवड्यात गावाबाहेरच्या मैदानावर गाड्यांचं प्रदर्शन भरलं होतं. तिथे इलेक्ट्रिक स्पोर्ट्स कार चालवून बघायला मिळते, अगदी फुकट, असं त्याने पेपरात वाचलं.

रविवारी दोघे निघाले. दादाने लग्नातला कोट घातला. आता त्या कोटात दोन दादा मावले असते! लाल भडक गाडीपाशी टाय बांधलेला एक तरतरीत सेल्समन उभा होता.

"सर, बॅटरीला आठ वर्षांची गॅरंटी!"

"आठ वर्षं घेऊन काय करू? मला दोन महिने पुरे," दादा म्हणाला.

सेल्समनचे डोळे लकाकले. दर दोन महिन्यांनी गाडी बदलणारं गिऱ्हाईक! "सध्या कुठली गाडी वापरता सर?"

"आहे एक, ठरलेली. लांबलचक. मागे पाय पसरून झोपायची सोय. ड्रायव्हर हा, घरचाच."

"अरे वा! आणि ट्रॅफिकचा त्रास?"

"छे, छे! लोक आपणहून बाजूला होतात."

झालं! सेल्समन पळत जाऊन मॅनेजरला घेऊन आला. मॅनेजरने कॉफी मागवली, दादाला मऊ खुर्ची दिली आणि रांगेतल्या चाळीस माणसांना डावलून चावी सावकाशच्या हातात ठेवली. फॉर्मवर व्यवसाय विचारला होता. सावकाशने घाम पुसत 'प्रवासी वाहतूक' असं लिहून टाकलं.

दादा पुढे बसला. सेल्समन मागच्या चिमुकल्या सीटवर गुडघे हनुवटीला लावून कोंबला गेला.

"चला ना सर."

"आधी सुरू तर होऊ दे!"

"सुरूच आहे सर."

ना आवाज, ना थरथर. आपले प्रवासी असेच असतात, असं सावकाशच्या मनात आलं. त्याने अलगद पाय टेकवला. काटा वीसवर गेला आणि तिथेच बसला.

मैदानाला वळसा घालणारा मोकळा, गुळगुळीत रस्ता होता. "दाब!" दादा म्हणाला.

"दाबतोय."

"अरे, कुठे दाबतोयस? दाब ना!"

पाय हलेना! सव्वीस वर्षांची सवय, हे एक झालंच. पण खरं सांगायचं तर सावकाशला भीती वाटत होती. जोरात गेलं की लवकर पोचतो माणूस, आणि दादाला त्याला कुठेही लवकर पोचवायचं नव्हतं.

मागून बाकीच्यांच्या टेस्ट ड्राइव्हच्या गाड्या आल्या. पुढे जायला परवानगी नाही, म्हणून एकामागोमाग सहा गाड्या दिवे लावून मुकाट चालू लागल्या. कठड्यापाशी उभे असलेले लोक ती मिरवणूक बघून बोलायचे थांबले. एका आजोबांनी आईस्क्रीमचा कप खाली ठेवला, टोपी काढली आणि मान खाली घालून उभे राहिले.

ते बघून दादा हसत सुटला. हसता हसता खोकला, खोकता खोकता पुन्हा हसला. "मेल्या, जिवंतपणीच काढलीस की माझी!"

फेरी संपली. मॅनेजर दार उघडायला धावला. उतरताना दादाने सावकाशचा हात घट्ट धरला. "असू दे रे. पण पुढच्या वेळी जोरात. शब्द दे." सावकाशने मान डोलावली.

डॉक्टरांनी दोन महिने सांगितले होते. दादा सतराव्या दिवशी गेला.

सावकाशने दुसऱ्या कुणाला चाकाला हात लावू दिला नाही. शेजारी वहिनी बसल्या होत्या आणि मागून नातेवाइकांच्या पाच गाड्या रिवाजाप्रमाणे वीसच्या बेताने येत होत्या. गाव संपलं, सरळ रस्ता लागला आणि सावकाशने पाय दाबला.

चाळीस! पन्नास! म्हातारं इंजिन किंचाळायला लागलं.

"अहो भाऊजी! हे काय? हळू!"

"शब्द दिलाय, वहिनी!"

सत्तर! आरशातले नातेवाईक ठिपक्याएवढे झाले. वहिनींनी एका हाताने पदर धरला, दुसरा हात मागच्या जाळीतून घालून दादाजवळ ठेवला. खिडकीतून वारा नुसता घोंगावत होता. दोघांच्याही डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. वळणावर दादानेच रंगवलेली 'वाहने सावकाश हाका' ही पाटी आली आणि झपकन मागे गेली.

त्यानंतर शंभर पावलांवर बॉनेटमधून वाफ उसळली. दोन आचके देऊन गाडी बंद पडली.

सावकाश चाकावर डोकं टेकून लहान पोरासारखा रडला. वहिनींनी त्याच्या पाठीवर हात ठेवला.

"किती गेली होती, भाऊजी?"

"ब्याऐंशी."

वहिनींनी डोळे पुसले, पदर नीट केला.

दहा मिनिटांनी पाच गाड्या येऊन पोचल्या. वहिनींच्या भावाने रागाने खाली उतरून विचारलं, "एवढी कसली घाई झाली होती? केवढ्या वेगाने हाकलीत?"

सावकाशने तोंड उघडलं, पण वहिनी आधी बोलल्या. "शंभरच्या वर होती. आता धक्का मारा."

आणि सगळ्यांनी मिळून उरलेलं अंतर दादाला ढकलत नेलं. सावकाश चाक धरून बसला होता. काटा शून्यावरून हलतही नव्हता, तरी सवयीने त्याचा एक पाय ब्रेकवरच होता.